अकराव्या वचनाआधीची दहा वचनं

आदरणीय मावशी,

जय ख्रिस्त. मी ३८ वर्षांची, जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलेली. तेविसावं स्तोत्र संडे स्कूलपासून तोंडपाठ. गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत टोपलीतून वचनाचं कार्ड काढलं, तर यिर्मया २९:११ निघालं. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते वचन. मी ते फ्रिजवर लावलं. मार्चमध्ये माझे यजमान ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. आठ महिने ते घरी आहेत, घराचे हप्ते थकलेत. एक दिवस मी ते कार्ड काढून लाइटबिलांच्या खणात टाकून दिलं. आमचे नवे पाळकसाहेब सांगतात, अख्खं बायबल वाचा. मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, अडकले. मावशी, खरं सांगा, एक वचन खरं ठरत नसेल तर हजार पानं वाचून काय होणार? स्तोत्रं आणि नवा करार पुरत नाहीत का?

– एक वाचक, पिंपरी

प्रिय लेकी,

तू मावशी म्हटलंस म्हणून अगं-तुगंच करते. आधी घरचं बोलू. हप्ते थकलेत तर बँकेचा माणूस दारात येण्याची वाट बघू नका, दोघं मिळून शाखेत जा आणि परिस्थिती सांगा. मुदत वाढवून मिळते का ते विचारा. आणि ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कोणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नकोस. कारखाना बंद पडला तो तुझ्या विश्वासामुळे नाही.

आता उठून ते कार्ड खणातून काढ. पत्ते खेळतात तेवढंच असेल ना? मागे सूर्यफुलाचं नाहीतर डोंगराचं चित्र, कडेला सोनेरी रेघ, मधे दोन ओळी. हे वचन यिर्मयाने ज्यात लिहिलं ते एक पत्र होतं. एकोणतिसावा अध्याय पहिल्यापासून वाच, म्हणजे कळेल. यिर्मया हा संदेष्टा यरुशलेमेत होता. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याने तिथल्या राजाला, राजमातेला, सुतार-लोहारांना, मोठमोठ्या घरांतल्या माणसांना धरून बाबेलला नेलं होतं. त्या परमुलखात बसलेल्या माणसांना त्याने पत्र पाठवलं. पत्राला वचनांचे आकडे नव्हते. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने घातले. शोधायला सोपं जावं म्हणून ती सोय केली, आणि त्याच सोयीने आपण पत्राची अकरावी ओळ कापून फ्रिजवर लावायला लागलो. दूरदेशी गेलेल्या भावाचं पत्र आलं तर त्यातली एकच ओळ ठेवून बाकीचा कागद आपण टाकून देऊ का गं?

वरच्या ओळींत यिर्मया काय सांगतो? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं कुशल चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि दहाव्या वचनात, म्हणजे तुझ्या कार्डाच्या अगदी वरच्या ओळीत, तो मुदत सांगतो. सत्तर वर्षं. बाबेलात सत्तर वर्षं भरली म्हणजे मी तुम्हाला परत आणीन. ज्यांच्या हातात हे पत्र पडलं त्यांतल्या बहुतेकांचे डोळे त्याच्या आत मिटले असणार. ‘संकल्प हिताचे आहेत’ हे वाक्य त्या माणसांना सांगितलेलं आहे, येत्या मार्चपर्यंत सगळं ठीक होईल असं ते सांगत नाही.

त्याच्या आधीचा, अठ्ठाविसावा अध्याय तर तुझ्यासाठीच लिहिलाय असं वाटेल. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, बाबेलची गुलामी येणार हे लोकांना दिसावं म्हणून. तिथे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहिला आणि भर मंदिरात म्हणाला, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच हवं होतं. यिर्मयाने त्याला काय उत्तर दिलं? ‘आमेन! परमेश्वर तसं करो.’ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं! पण ते खरं नव्हतं. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं आणि यिर्मया काही न बोलता निघून गेला. तुझ्या टोपलीत हनन्याचं भाकीत नव्हतं, यिर्मयाचंच वचन होतं. पण एकटं काढलं, वरची सत्तर वर्षं कापली, की यिर्मयाचं वचनसुद्धा हनन्यासारखं ऐकू येतं. माझ्या मते तुझं असंच झालंय. तुला लागलं ते त्या वचनाला घातलेल्या कात्रीमुळे. वचन खोटं ठरलेलं नाही.

ते लिहिणारा माणूसही बघ. विसाव्या अध्यायात तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. अडतिसाव्यात त्याला दोरांनी विहिरीत सोडलंय, पाणी नाही, नुसता चिखल, आणि तो चिखलात रुतत चाललाय. त्याला वर काढलं राजवाड्यातल्या एका परदेशी सेवकाने. कूश देशातला माणूस तो. राजाच्या भांडाराखालून त्याने फाटक्या चिंध्या गोळा केल्या, दोरांनी खाली सोडल्या आणि सांगितलं, ‘ह्या बगलेत धर, मग दोर लाव.’ दोर काचू नयेत म्हणून! देवाच्या हिताचे संकल्प त्या दिवशी यिर्मयाला जुन्या चिंध्यांच्या रूपात पोचले. तुझ्याकडे गेल्या आठ महिन्यांत अशा चिंध्या कोणी आणून दिल्या का, आठवून बघ. उधार देणारा किराणावाला असेल, फी थांबवून धरणारी शिक्षिका असेल.

आणि वचनाचं पुढे काय झालं? ते यिर्मयाच्या पुस्तकात कळत नाही. दानीएलाच्या नवव्या अध्यायात जावं लागतं. तिथे दानीएल म्हातारा झालाय, बाबेलातच सगळं आयुष्य गेलंय, आणि तो यिर्मयाचं लिखाण वाचता वाचता सत्तर वर्षांचा हिशोब लावतोय. मग तो उपास धरून, गोणपाट नेसून, राखेत बसून प्रार्थना करतो. त्यानंतर एज्रा उघड. पहिल्याच वचनात म्हटलंय की यिर्मयाच्या तोंडचं वचन पुरं व्हावं म्हणून परमेश्वराने पारसाचा राजा कोरेश ह्याला प्रेरणा केली. लोक परत आले, मंदिराचा पाया घातला. ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते मोठ्याने रडायला लागले, तरुण आनंदाने ओरडायला लागले, आणि रडण्याचा आवाज कुठला आणि आनंदाचा कुठला हे कोणाला ओळखू येईना. एज्रा तीन, शेवटची दोन वचनं. तुझं कार्ड तीन पुस्तकं चालून इथे येऊन पोचतं. हे मला पाळकांनी उपदेशात कधी सांगितलं नव्हतं, एकापाठोपाठ एक पुस्तकं वाचताना सापडलं, आणि तेव्हापासून कोणाच्याही घरी ते वचन भिंतीवर दिसलं की मला तो पाया आणि ती रडणारी म्हातारी माणसं दिसतात.

एकेकटं वचन उचलण्याबद्दल आणखी एक गोष्ट, थोडी भीतीची. रानात सैतानाने प्रभू येशूची परीक्षा घेतली तेव्हा मंदिराच्या शिखरावर नेऊन त्याने चक्क शास्त्राचं वचन काढलं. एक्याण्णवावं स्तोत्र, तुझा पाय धोंड्याला लागू नये म्हणून दूत तुला हातांवर झेलतील. शब्द खरेच होते. प्रभूने उत्तर दिलं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ ह्या पुस्तकातून. तिन्ही उत्तरं अनुवादातून, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, चाळीस वर्षं रानात भटकलेल्या लोकांना सांगितलेली. ती पुस्तकं त्याने नीट वाचलेली होती. आज कोणी स्टेजवरून एक वचन फेकून ‘इतकं अर्पण टाका, दुप्पट मिळेल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या पुढचं-मागचं ठाऊक असलेली एक जरी बाई त्या मंडपात असली तरी तिची शेजारीण फसण्यापासून वाचते.

आता तुझ्या लेवीयाकडे येऊ. तिथेच सगळे अडकतात. यज्ञ, चरबी, अंगावरचे चट्टे, भिंतीवरची बुरशी. मीही दोनदा सोडलं होतं. मग बाराव्या अध्यायात एक ओळ लागली. बाळंतिणीने शुद्धीकरणाच्या दिवशी कोकरू आणावं असा नियम आहे, आणि लगेच पुढे: तिची कोकरू आणायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं आणावीत. नियमातच गरिबाची सोय. आता लूक दोन उघड. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात आलेत. काय घेऊन आलेत? होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं. ते गरीब होते असं लूक कुठेही लिहीत नाही, फक्त होले लिहितो. लेवीय वाचलेल्याला कळतं की देवाच्या पुत्राच्या आईला कोकरू परवडलं नाही. लेकी, हप्ते थकलेल्या घरात बसून हे वाच आणि मग मला सांग लेवीय कंटाळवाणं आहे का.

एकोणिसावाही तसाच. शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. माझं बालपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. बाजरी काढून झाली की बायका सरवा वेचायला जात. माझी आजीही जायची. दुसऱ्याच्या शेतात वाकताना तिला काय वाटायचं ते तिने कधी सांगितलं नाही, पण सरवा वेचणाऱ्या विधवा रूथचं पुस्तक निघालं की ती पदर तोंडाला लावायची. लेवीयातला तो नियम नसता तर रूथ बवाजाच्या शेतात गेलीच नसती, तिच्या पोटी ओबेद आला नसता, दावीद झाला नसता. मत्तयाच्या पहिल्या पानावर ही नावं आहेत. आपण ते पान उलटून दुसऱ्या अध्यायाला जातो.

आजीला अक्षर येत नव्हतं. कंदिलापाशी मी वाचायचे, ती तांदूळ निवडत ऐकायची. बायबलातलं इतिहासाचं पहिलं पुस्तक लागलं तेव्हा नऊ अध्याय नुसती नावं बघून मी पानं उलटायला लागले. तिला वाचता येत नव्हतं, पण पानांचा आवाज ओळखू यायचा. म्हणाली, ‘नावं गाळू नगं. त्यास्नीबी आया व्हत्या.’ मी सगळी नावं वाचली, अडखळत, चुकत. आमच्या मागच्या पिढ्यांची नावं कुठल्याच वहीत नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं.

गणना हे पुस्तकही लोक नावावरूनच टाकतात. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वारला, भाऊ नाही. त्या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? आम्हाला वतन द्या. मोशेने त्यांची फिर्याद देवापुढे नेली. देव म्हणाला, ह्या मुलींचं म्हणणं रास्त आहे. यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्यांना ती जमीन मिळते. आपल्याकडे किती बायांनी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सह्या केल्यात, ख्रिस्ती घरांतल्यासुद्धा, आणि ही पाच नावं त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती. माझाच संताप होतो हे लिहिताना.

जड जाणारं पुष्कळ आहे, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. शास्तेच्या एकोणिसाव्या अध्यायात त्या लेव्याच्या उपपत्नीची जी विटंबना होते, ती मी आजही एका बैठकीत वाचू शकत नाही. एकशे सदतिसावं स्तोत्र ‘बाबेलच्या नद्यांकाठी’ म्हणून आपण गातो, त्याचा शेवट कोणी गात नाही. यहोशवातल्या लढायांशी मी अजून झगडते. पण शास्ते हे पुस्तक घडलेल्या प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत नाही. त्याचं शेवटचं वाक्यच असं की त्या काळी राजा नव्हता, ज्याला जसं बरं वाटे तसं तो करी. हे सगळं मुलांना उद्या बाहेरून कोणीतरी तोंडावर फेकणार आहे. त्याआधी ते आईबापांबरोबर, घरच्या प्रार्थनेत, थांबून थांबून वाचलेलं असावं.

स्तोत्रं आणि नवा करार पुरत नाहीत का, असं तू विचारतेस. तारणाला पुरतात. वधस्तंभावरच्या चोराने तर काहीच वाचलं नव्हतं. पण स्वतः नवा करारच सारखं मागे बोट दाखवतो. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे प्रभूचे शब्द बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, आणि ते स्तोत्र कुठे जाऊन संपतं हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य तोंड पाडून चालले होते, ‘आम्हाला आशा होती’ म्हणत. तुझ्यासारखेच. प्रभूने त्यांना एक वचन देऊन पाठवलं नाही. मोशेपासून आणि सगळ्या संदेष्ट्यांपासून आरंभ करून त्याने त्यांना उलगडून सांगितलं. अकराएक किलोमीटरांची वाट होती, वेळ होता.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हा वारसाच आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. त्याचा अख्खा पहिला भाग जुन्या करारावर आहे, ख्रिस्तजन्माला तो मग येतो. आणि केडगावच्या पंडिता रमाबाई! मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं, लेवीयासकट. वर्षानुवर्षं ते काम चाललं, १९२२ साली मरण येण्याआधी त्यांनी पुरं केलं. मुक्ती मिशनमध्ये आसरा घेतलेल्या मुलींनीच टाइप जुळवले. दुष्काळातून आलेल्या मुली होत्या त्यांत. त्यांच्या हाती निवडक वचनं देऊन भागलं असतं, असं रमाबाईंना वाटलं नाही.

आता वाचायचं कसं. ‘एका वर्षात बायबल’ हा नेम तू धरू नकोस. जुन्या-नव्या करारात मिळून १,१८९ अध्याय आहेत (कॅथलिक बायबलात पुस्तकं ७३, म्हणून अध्याय जास्त). वर्षात संपवायचे तर रोज तीन आणि रविवारी पाच पडतात, आणि चार दिवस चुकले की माणूस थकबाकी बघूनच सोडतो. घरात एक थकबाकी आहे, दुसरी नको. रोज दोन वाच, वीस महिन्यांच्या आत होईल. चुकलेला दिवस भरून काढू नकोस, खूण असेल तिथून पुढे चल. आधी लूक वाच, मग उत्पत्ती. लेवीय आलं की त्याच्याबरोबर नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र घे, एक अध्याय हा, एक तो. यज्ञ कशाला होते ते तिथे कळतं. राजांचं दुसरं पुस्तक संपलं की लगेच यिर्मया घे, कारण दोन्ही एकाच काळातली आहेत. एखादं स्तोत्र रात्री निजताना. आणि मोठ्याने वाच. नावांचे अध्याय घरात लहान कोणी असेल तर त्याला वाचायला दे, चुकली तरी चालतील. जुन्या भाषांतराची भाषा जड गेली तर सोप्या मराठीतलं घे, त्यात कमीपणा नाही.

पण हे सगळं उद्यापासून. आज रात्री जेवणं झाली की यजमानांना यिर्मया एकोणतीस वाचायला सांग, पहिल्या वचनापासून, त्यांच्या आवाजात. ‘मळे लावा’ इथे आले की थांबा आणि ह्या घरात, ह्या महिन्यात, नोकरी नसतानाही आपण काय लावू शकतो ते दोघं बोला. वेळ लागला तर लागू दे. मग पुढे वाचा. सत्तर वर्षांचं वचन गाळू नका. ते कार्ड परत फ्रिजवर लावायची गरज नाही, त्याच पानात खूण म्हणून राहू दे.

लेवीयाचा बारावा अध्याय झाला की मला पत्र टाक.

तुझी,
मावशी